मास्टर आन्सगारांचं जिवंत पाणी

“हिरवं! अहो, हिरवंगार!”

आरोळी माझ्या पलंगाखालून आली. पलंगाखाली फरशी, फरशीखाली तळघर, आणि तळघरात त्या रविवारी अर्धं गाव दाटीवाटीने उभं होतं. हीटरचा पाइप जिथून वर येतो तिथे फरशीला भोक आहे. त्यातून खालचं सगळं बोलणं माझ्या खोलीत येतं. कोणी शिंकलं तरी कोण शिंकलं ते कळतं. मी अंधारात पडून ऐकत होते. भर दुपारी अंधार, कारण माझ्या खिडकीचं शटर खाली ओढलेलं होतं. तशी मास्टरांची आज्ञा होती. विधी चालू असताना माझ्या खोलीत उजेड आला तर म्हणे किरणं बिथरतात.

“नवं पान बघा, मंडळी,” मास्टर आन्सगारांचा तुपाळ आवाज पाइपातून वर आला. “आहे एक तरी डाग? चष्मा लावून शोधा. हे जिवंत पाणी आहे! तुमच्या पाइपातलं पाणी वळणं घेऊन घेऊन दमतं, मरतं. मेलेलं पाणी प्यायलं की झाड मरणारच. इतकं सोपं आहे, म्हणून तर शास्त्रज्ञांना कळत नाही.”

लोक खदखदून हसले. मग टाळ्या. सगळ्यांत मोठ्या टाळ्या माझ्या भावाच्या होत्या. त्याच्या टाळ्या मी लहानपणापासून ओळखते.

माझं नाव वालबुर्गा डिटरिख. माइन नदीच्या काठी, द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी आमचं गाव. इथल्या शाळेत मी रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे केस पिकलेली माणसंसुद्धा मला अजून ‘बाई’ म्हणतात आणि माझ्यासमोर खिशातले हात बाहेर काढतात. पुढे मज्जातंतूंच्या आजाराने माझे पाय गेले. म्हणजे पाय आहेत, पण संध्याकाळ झाली की लाकडासारखे ताठ होतात आणि असे पेटके येतात की उशी चावून धरावी लागते. गांजाच्या फुलाची थोडी वाफ घेतली की ते सैल पडतात. आता आमच्याकडे कायद्याने प्रत्येक मोठ्या माणसाला घरात तीन झाडं लावता येतात. माझी तीन आणि माझा धाकटा भाऊ गेर्नोट याची तीन, अशी सहा झाडं तळघरात दिव्यांखाली वाढत होती. गावात अशी तळघरं बरीच झाली होती. पूर्वी तिथे वाइनची पिंपं असायची.

आणि मग गावभरच्या झाडांना रोग लागला.

नव्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके, कडा वळलेल्या. खालच्या जुन्या पानांचं वेगळंच. शिरा हिरव्या आणि शिरांच्या मधला भाग पिवळाधमक. सगळ्यांनी झाडं मातीत न लावता कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात लावली होती, कारण इंटरनेटवर सगळे तसंच सांगतात. रोगावरचे उपायही इंटरनेटवरच शोधले. एक म्हणाला खत जास्त झालंय, साध्या पाण्याने कुंडी धुऊन काढा. गावाने कुंड्या धुतल्या. ठिपके वाढले. दुसरा म्हणाला खत कमी पडतंय. गावाने खत वाढवलं. पानांची टोकं जळली. दिवे वर घेतले, खाली घेतले, पंखे लावले. आमची शेजारीण ट्राउडल तर झाडांना रोज संध्याकाळी बँडची धून ऐकवायची. तेवढं मात्र मला आवडायचं.

अशा वेळी मास्टर आन्सगार आले. तांब्याच्या वाकड्या तारेने जमिनीखालचं पाणी हुडकणारे पाणाडे. आमच्या भागात पाणाड्याला बोलावणं ही काही लाजण्यासारखी गोष्ट नाही. विहीर तर सोडाच, लोक पलंग कुठे ठेवायचा तेही त्याला विचारतात. शिकलेले जरा जास्तच. मास्टरांनी घरोघरची तळघरं पालथी घातली आणि निदान केलं: जमिनीखाली झरे वाहतात, त्यांतून वाईट किरणं निघतात, पानं पोळतात. उपाय? जंगलातल्या गुप्त झऱ्याचं जिवंत पाणी. दर रविवारी मास्टर यायचे, डागाळलेली पानं कापून काळ्या फडक्यात गुंडाळून न्यायचे आणि कुंड्यांना आपल्या कॅनमधलं पाणी घालायचे.

आणि पानं सुधारली! हीच तर पंचाईत होती. बुवाचा उपाय फसला असता तर मी हसून कूस बदलली असती. पण नवी पानं खरोखर स्वच्छ येत होती.

मास्टर एकदा माझ्या खोलीत आले, तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं, “तुमचा झरा नेमका कुठे आहे? पाण्याची तपासणी करून घेऊ.”

“बाईसाहेब, झऱ्याला पत्ता विचारत नाहीत,” ते हसून म्हणाले. पण डोळे हसले नाहीत. पुढच्याच रविवारी ते तार घेऊन माझ्या पलंगाभोवती फिरले. गेर्नोट दारात उभा. तार थरथरली आणि खटकन खाली झुकली, नेमकी माझ्या पोटावर.

“इथे,” मास्टर पुटपुटले. “दोन झरे इथे एकमेकांना छेदतात. यांच्या पायांचं कारण हेच. आणि आता ऐका गेर्नोट, जड वाटेल. आजारी शरीर ही किरणं झेलतं आणि दुप्पट करून खाली फेकतं. तुमच्या तळघरावर. तिथून सगळ्या गल्लीवर.”

“म्हणजे गावभरच्या पानांवर डाग माझ्यामुळे?” मी विचारलं.

“तुमचा दोष नाही, बाईसाहेब. पण तुम्ही इथून हललात तर तुम्हीही सुधाराल आणि झाडंही.”

“आणि ही खोली?”

“खोली काही काळ मी वापरेन. शुद्धीसाठी. बागेकडचं दार सोयीचं आहे.”

मी हसले. गेर्नोट हसला नाही. आठवड्याभरात त्याने शहरातल्या शुश्रूषागृहात माझ्यासाठी खाट ठरवली.

“फक्त हिवाळ्यापुरतं, ताई,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

“तिथे गेलेलं कोण परत आलंय, गेर्नोट? नाव सांग एकाचं.”

“ताई, तू रोज रडतेस संध्याकाळी. मी वर ऐकतो. मास्टर म्हणतात, पलंग बदलला की—”

“मग पलंग दुसऱ्या खोलीत लाव!”

“सगळं घरच त्या रेषेवर आहे म्हणतात.”

माझ्या खोलीला उंबरा आहे, उंबऱ्यापुढे पायरी, पायरीपुढे अंगण. गेर्नोटने खुर्ची उचलली तरच मी बाहेर पडते. खिडकीची मूठ माझ्या हाताला लागत नाही. शटरचा पट्टा तर त्याहून लांब. आणि आता गल्लीतली माणसं माझ्या खोलीशी आली की आवाज खाली आणायची. जिने त्यांच्या मुलांना शिकवलं ती बाई त्यांच्या झाडांना बाधत होती. मला भीती वाटत होती. ती भीती पेटक्यांपेक्षा वाईट होती, कारण ती दुपारीही जात नव्हती.

ट्राउडल मात्र केक घेऊन यायची. मास्टरांवर तिची श्रद्धा होती आणि माझी तिला कीव येत होती. दोन्ही एकाच पिशवीत घेऊन ती फिरायची.

“ट्राउडल, तुझ्या झाडाचं एक खराब पान मला आणून दे,” मी म्हटलं.

“नको हो बाई, मास्टर म्हणतात ती उघड्यावर ठेवू नयेत.”

“केकच्या डब्यात आण.”

तिने आणलं. नवं पान आणि जुनं पान, आलुबुखाराच्या केकखाली कागदात. मी भिंग लावून बघितलं. नव्या पानावरचे ठिपके कॅल्शियम कमी पडल्यावर येतात तसे. जुन्या पानाच्या शिरांमधला पिवळेपणा मॅग्नेशियमचा. झाड मॅग्नेशियम जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. कॅल्शियम तसं हलवता येत नाही, म्हणून त्याची ओरड नव्या पानांत होते. इतकं शाळेतल्या मुलालाही सांगता येईल. पण मी चिडले. कारण आमचं गाव चुनखडीवर वसलंय! इथलं पाणी इतकं जड की किटलीत दगड धरतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम याच दोन गोष्टींचा या गावात तुटवडा असणं शक्य नव्हतं.

“किटली ठेव, चहा पिऊ,” मी वैतागून म्हटलं.

ट्राउडलने किटलीत डोकावून पाहिलं. “किती चकचकीत आहे तुमची! माझीपण आता अशीच असते. ते पाणी मऊ करायचं यंत्र तळघरात बसवल्यापासून व्हिनेगरने घासायची कटकटच गेली. मिठाच्या गोळ्या टाकल्या की झालं.”

माझ्या हातून भिंग पलंगावर पडलं.

“बाई? पेटका आला का?”

“ट्राउडल, तुझ्या खताच्या बाटलीवर काय लिहिलंय?”

“जड पाण्यासाठी खास. सगळ्यांनी तेच घेतलं. आपलं पाणी जड ना!”

“आणि झाडांना पाणी कुठल्या नळाचं घालतेस?”

“तळघरातल्याच. दुसरं कुठलं घालणार?”

चहा तसाच राहिला. माझ्या पलंगाशेजारच्या भिंतीतून एक जुना पाइप जातो. बागेचा नळ सोडला की तो गुणगुणतो, दुसरा कुठलाही सोडला तर नाही. आता उन्हाळा संपून फुलझाडंही वाळली होती, तरी तो पाइप गुणगुणत होता. दर रविवारी. मास्टरांची गाडी अंगणात आल्यावर आणि विधी सुरू होण्याआधी, जेव्हा माझं शटर खाली असायचं. बागेचा नळ माझ्या खिडकीच्या बरोबर खाली आहे आणि घरातल्या दुसऱ्या कुठल्याही खिडकीतून तो दिसत नाही.

तेव्हा मला कळलं की किरणं माझ्याच पलंगावर का छेदली.

संध्याकाळी मी गेर्नोटला सगळं सांगितलं. तो लाल झाला.

“बास, ताई! तुला कोणीच खरं वाटत नाही. पानं बरी झाली, मी डोळ्यांनी बघितली. पानाशी काय वाद घालणार आहेस?”

“पानाशी वाद नाही. पाण्याशी आहे.”

“मोटार ठरली आहे रविवारी. तुझी बॅग मी भरतो.”

त्याने बॅग भरली. लोकरीचे मोजे, चष्मा, आईचा फोटो. फोटो ठेवताना त्याचा हात थांबला, पण त्याने तो ठेवला. मी भिंतीकडे तोंड केलं. मी बरोबर होते आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

शनिवारी रेडिओवर थंडीची बातमी आली. मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं, “गेर्नोट, पारा शून्याखाली जाणार म्हणतात. बागेचा पाइप बंद केलास का?”

“अरे देवा, राहिलाच की!”

आमच्याकडे प्रत्येक घरात हे काम असतं. हिवाळा लागायच्या आत तळघरातून बागेच्या नळाची मुख्य चावी बंद करायची आणि पाइप रिकामा करायचा. पाणी गोठून पाइप फुटतो, एवढं शास्त्र गेर्नोटलाही मान्य होतं. तो खाली गेला. चावी फिरल्याचा आवाज मी पाइपाच्या भोकातून ऐकला.

रविवारी माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. निरोपाला आणि शेवटच्या शुद्धीला सगळे आले होते. शटर खाली, मध्ये एक मेणबत्ती, दाराशी माझी बॅग. मास्टर म्हणाले, “मी गाडीतून जिवंत पाणी घेऊन येतो. कोणी हलू नका. मनात शंका आणू नका. शंकेने पाणी मरतं.”

आम्ही थांबलो. मी भिंतीला कान लावला.

खिडकीखाली नळाची चकती करकरली. पाइप गप्प. पुन्हा करकर. पाइप गप्पच. मग धपकन काहीतरी आपटलं आणि शटरपलीकडून तोच तुपाळ आवाज आला, तूप मात्र उतरलेलं:

“च्यायला, काय झालंय या नळाला!”

सगळ्यांच्या माना शटरकडे वळल्या.

“ट्राउडल, शटर वर कर,” मी म्हटलं.

“मास्टर म्हणालेत की—”

“ट्राउडल.”

हा आवाज मी बऱ्याच वर्षांत वापरला नव्हता. तिने पट्टा ओढला. उजेड आत आला. ट्राउडलने खिडकी उघडून खाली बघितलं. तिच्या खांद्यावरून आणखी दोघांनी. मास्टर आन्सगार ओणवे होते, कॅनचं तोंड आमच्या नळाखाली.

“मास्टर,” मी पलंगावरूनच विचारलं, “जंगलातला झरा गोठला का हो?”

“मी... मी कॅन विसळत होतो.”

“सगळेच?” ट्राउडल म्हणाली. “सगळ्यांची झाकणं काढलीत की तुम्ही. एकातही थेंब नाही.”

गेर्नोट तळघरात गेला. चावी फिरली. माझ्या भिंतीतला पाइप गुणगुणायला लागला आणि बाहेर कॅनमध्ये धो धो पाणी पडलं. तो वर आला तेव्हा त्याच्या हातात दोन बाटल्या होत्या. एकीत तळघरातल्या नळाचं पाणी, दुसरीत बागेच्या पाइपातलं, चावीपाशीच काढून घेतलेलं. मी सांगायच्या आधीच त्याने आणल्या होत्या. म्हणजे त्या संध्याकाळी लाल होऊनही त्याने माझं ऐकून घेतलं होतं.

“साबण किसून घाल दोन्हींत,” मी म्हटलं. “आणि हलव.”

तळघरातल्या पाण्याला बाटलीच्या गळ्यापर्यंत फेस आला. बागेच्या पाण्यात फेस नाहीच, नुसती पांढरी, नासलेल्या दुधासारखी साय तरंगली.

“काय शिकवलं होतं मी?” मी विचारलं.

मागून कोणीतरी पडेल आवाजात म्हणालं, “जड पाण्यात साबण फेसाळत नाही, बाई.”

“शाबास. आता ऐका. किटली घासायचा कंटाळा, म्हणून आपण यंत्रं बसवली. ते यंत्र पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतं आणि त्याच्या जागी मिठातलं सोडियम सोडतं. खत मात्र आपण जड पाण्याचं आणलं. त्यात ही दोन्ही मुद्दाम कमी असतात, कारण ती पाण्यातून मिळतील असं धरलेलं असतं. वर कोकोपीट, जे उरलंसुरलं कॅल्शियम स्वतःच धरून ठेवतं. मातीत निभावलं असतं, इथे झाड उपाशी राहिलं. कुंडी धुतली तेव्हा तर उरलेला घासही आपणच काढून घेतला. बागेच्या नळाचा पाइप यंत्राच्या आधीच वेगळा निघतो, कारण गवताला मऊ पाणी पाजून मीठ कोण वाया घालवेल? हे तुमचं जिवंत पाणी. तुमच्या घरचं.”

“पण जुने डाग गेले ते?” एकाने विचारलं.

“डाग जात नाहीत. ते पान मास्टर कापून फडक्यात नेतात. न दिसणाऱ्या डागाला तुम्ही टाळ्या वाजवता.”

मास्टर दारापर्यंत आले होते, पण आत आले नाहीत. “झाडं बरी झाली की नाही?” ते ओरडले. “मग पाणी कुठलं का असेना! बागेच्या पाण्याने सुधारतात हे मला कळलं, तुम्हाला कळलं होतं का? का सुधारतात ते मला काय करायचंय!”

“झाडं बरी झाली,” मी म्हटलं. “मग माझा पलंग का हलवायचा होता?”

मास्टर कॅन गोळा करायला वळले. गेर्नोट त्यांच्याकडे बघत होता. माझा भाऊ कधी कोणाच्या अंगावर गेलेला नाही. त्या दिवशीही गेला नाही. त्याने फक्त अंगणाचं फाटक उघडलं आणि धरून ठेवलं.

गडबडीत मास्टरांची तांब्याची तार माझ्या टेबलावर राहिली. ट्राउडलने ती दोन्ही हातांत धरली, आणि बघता बघता ती केकच्या डब्यावर झुकली.

“अगंबाई! ही खरंच ओढते!”

“तुझे हात ओढतात. मनगट केसभर कललं तरी ती झुकते. कललं ते आपल्याला कळत नाही.”

“म्हणजे केकखाली झरा नाही?”

त्यावर सगळे हसले, आणि त्या हसण्यात बऱ्याच दिवसांनी मीही होते.

मोटार आली तशी परत गेली. लोक पांगले, जाता जाता काही जणांनी माझा हात दाबला, काहींना ते जमलं नाही. गेर्नोट बॅग उघडून मोजे कपाटात ठेवत होता. पाठमोराच म्हणाला, “मला वाटलं, कारण पलंगात असेल तर बरंच की. पलंग हलवता येतो, ताई. तुझा आजार नाही हलवता येत.”

तार माझ्या पोटावर झुकली, तेव्हा क्षणभर मलाही वाटलं होतं की हे खरं असावं. नुसतं जागा बदलून उठता आलं असतं तर मी जंगलात जाऊन झोपले असते. बुवा त्या क्षणावर जगतो. आपण मूर्ख असतो म्हणून नाही फसत. आपण अडकलेले असतो, आणि तो दार दाखवतो, म्हणून फसतो. भिंतीवर रंगवलेलं दार.

पानांना आता बागेचं पाणी मिळतं आणि ती छान आहेत. माझ्या पायांसाठी असा कुठला नळ नाही, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगते. डॉक्टर आहेत, फूल आहे, आणि सोमवारी गेर्नोटने उंबऱ्यापुढच्या पायरीवर फळ्यांचा उतार ठोकला. आता मी स्वतः खुर्ची ढकलत अंगणात जाते. किरणं वळवून हे झालं नाही. चार फळ्या आणि एक हातोडा लागला.

तुमच्या गावातही कोणीतरी येईल. त्याचा चमत्कार खरोखर घडतानाही दिसेल. तेव्हा हात जोडण्याआधी एवढंच करा, उठून खिडकीशी जा, शटर वर करा आणि बघा, पाणी कुठल्या नळाचं आहे. आणि तो जर कोणाला घराबाहेर काढा म्हणत असेल, तर त्या माणसाच्या खिडकीतून काय दिसतं ते सगळ्यांत आधी बघा.